कागदाचे शिरस्त्राण, पोलादाचा रुबाब

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की घरोघरी पोशाखांची धावपळ सुरू होते. एखाद्या मुलीला चाँदबिबीची भूमिका मिळते. १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगल फौजेपुढे लढवणाऱ्या या सुलतानेच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात ढाल हवीच. पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवला तर दुसऱ्या तालमीतच तो चुरगळतो. भाड्याचे सामान प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणून अलीकडे हौशी मंडळी जाड कागदाचा साचा करून त्यावर रेझिन चढवतात. जपानमध्ये ‘पेपाकुरा’ नावाने ही कला लोकप्रिय झाली. संगणक आकाराच्या घड्या उलगडून देतो. आपण कापायचे, जोडायचे आणि रेझिनने कडक करायचे.

अडचण इथून पुढे येते. रेझिन वाळले की लगेच चंदेरी स्प्रे मारण्याचा मोह होतो. पण धातूचा रंग दोष झाकत नाही, उलट उघडे पाडतो. मंचावरच्या दिव्यात कागदाची प्रत्येक घडी आणि रेझिनचा प्रत्येक ओघळ दिसतो. शिरस्त्राणाला पोलादाचा रुबाब येतो तो रंगाच्या आधी घासण्यातून. काश्मिरी पेपरमाशीचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. तिथे कामाचे दोन भाग असतात. सख्तसाज वस्तू घडवून, घासून गुळगुळीत करतो. मग ती नक्काशाच्या हाती जाते.

घासण्यापूर्वी रेझिनला बोट लावून पाहा. साधे पॉलिस्टर रेझिन आतून घट्ट झाले तरी हवेच्या संपर्कामुळे वरून चिकट राहू शकते. तसेच घासले तर पॉलिश पेपर क्षणात भरून जातो. हातमोजे घालून ॲसिटोनच्या फडक्याने ते हलके पुसा. मग ८० नंबरच्या पेपरने ओघळ आणि उंचवटे उतरवा, १२० नंबरने फिरून घासा. कागद उघडा पडू लागला की थांबा.

यानंतर गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडे असते ती, हार्डनर मिसळून लावायची पुट्टी घ्या. एका वेळी लिंबाएवढीच कालवा; काही मिनिटांतच ती आळते. खळगे आणि सांधे भरा, वाळल्यावर पुन्हा घासा. खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड तिरका धरला की उरलेले खळगे सावलीने ओळखू येतात. मग राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या. तोही काही बारीक छिद्रे दाखवील. ती भरा आणि २२०, नंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवा. डोळे मिटून बोट फिरवले आणि कुठे अडखळले नाही, म्हणजे सख्तसाजाचे काम झाले.

आता नक्काशी, आणि इथे मुलींचा हात चालतो. फेव्हिकॉलमध्ये खडूची बारीक पूड कालवून मेंदीच्या कोनात भरा आणि वेलबुट्टी काढा. एक रात्र वाळू दिली की उठावदार नक्षी तयार. ढालीवर चार गोल फुल्या बसवा. खऱ्या ढालीवर त्या मुठीचे खिळे झाकतात. मानेवरच्या लोखंडी जाळीसाठी जाड सुतळी मोठ्या सुयांवर सैल विणा आणि काळा रंग देऊन वर चंदेरी फिरवा. चार हातांवरून ती जाळी लोखंडाचीच वाटते.

रंगात घाई नको. आधी सगळीकडे काळा. तो पूर्ण वाळल्यावर ब्रशवरचा चंदेरी रंग फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि हलका फिरवा. उंच भाग चमकतात, खोलगट भाग काळे राहतात. नक्षीला सोनेरी रेघ द्या. मग पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग लावून लगेच पुसा; सांध्यात राहिलेला मळ वस्तूला वय देतो. शेवटी पारदर्शक वार्निशचे दोन पातळ हात.

पालकांनी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. रेझिन, हार्डनर आणि सुकी घासाई ही मोठ्यांचीच कामे. रेझिनमधल्या स्टायरीनच्या वाफा साध्या कापडी मास्कला जुमानत नाहीत. रासायनिक वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेत. काम गच्चीवर किंवा अंगणात, चुलीपासून दूर करावे. कोबाल्टचा ॲक्सलरेटर वेगळा मिळाला असेल, तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, नंतरच हार्डनर घाला. ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत पडली तर भडका उडू शकतो. फायबर घासताना उडणारी धूळ त्वचेला टोचते, श्वासातून आत जाते. तेव्हाही मास्क लागतोच. वॉटर पेपरने ओले घासले तर धूळ बसते, म्हणून ते काम अधिक सुरक्षित.

तयार वस्तू लगेच मुलीच्या डोक्यावर ठेवू नका. उघड्या हवेत काही दिवस राहू द्या. रेझिनचा वास पूर्ण गेला पाहिजे. आतून फायबरचे टोक कुठे उभे असेल तर घासून काढा आणि फोमवर जुन्या सुती ओढणीचे अस्तर चिकटवा. श्वास, नजर आणि मान मोकळी राहते का, हे घालून पाहा. आणि हे शिरस्त्राण नाटकापुरतेच, दुचाकीवर ते हेल्मेटचे काम करणार नाही, हेही मुलांना सांगा.

असे नीट केलेले शिरस्त्राण एका संमेलनात संपत नाही. उन्हापासून दूर, कापडात गुंडाळून शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीची चाँदबिबी कदाचित अशा घरातली असेल, जिथे भाड्याचे पैसे मागायला मुलगी संकोचते.