आपल्या मते कोण जिंकायला हवे होते?

झी मराठीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे २००८-०९ मधील पर्व आठवते ना? आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि साऱ्यांत धाकटी, अलिबागची मुग्धा वैशंपायन. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते आणि सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे. गुण आकड्यांत न देता स्वरांत देण्याची तिथली पद्धत. उत्तम गाण्याला ‘नि’ आणि त्याहून सरस झाले तर ‘वरचा सा’. विजेतेपद कार्तिकीला मिळाले. पण आपल्या घरातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला आज सहज विचारून पाहा, की खरे तर कोण जिंकायला हवे होते? बहुतेक घरांत उत्तर तत्काळ मिळेल आणि त्यामागे कारणेही असतील.

“कार्तिकीच! आवाजाला मातीचा वास होता पोरीच्या.” “छे, प्रथमेशची बैठक पक्की होती, नाट्यगीत गावे तर त्याने.” “मुग्धा इवलीशी, पण न घाबरता गायची.” माझे मत विचाराल तर आर्याच्या गळ्यातला ठहराव मला अधिक भावला. मात्र कार्तिकीचा मोकळा, टिपेला जाणारा आवाज मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा होता, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. आणि रोहितला आमच्या पिढीने जरा कमीच न्याय दिला. तो नव्या ढंगाची गाणी गाई, आणि आमचे कान जुन्या चालींत मुरलेले.

एका आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटले असेल. वृद्ध माणूस स्पर्धकांविषयी जे मत देतो, त्यातून त्याच्या कानांची, स्मरणाची आणि मनाची बरीच खबर मिळते. ही खबर रोज संध्याकाळी घरात आपोआप येत असते, फक्त ऐकणारा हवा.

“माणिकताई ही जागा अशी घेत नसत,” असे आजी म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात काय काय घडलेले असते, ते पाहा. समोर चाललेले गाणे त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, माणिक वर्मांचे कित्येक दशकांपूर्वीचे गाणे आठवले, दोन्ही शेजारी ठेवून तोलले, फरक नेमका कुठे आहे ते हेरले आणि तो शब्दांत मांडला. अवधान, स्मरण, तुलना, निर्णय, भाषा ही सारी कामे त्या एका वाक्यात झाली. शब्दकोड्याइतकीच मेहनत आहे ही, आणि त्याहून कितीतरी रसाळ.

साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतच्या आठवणी उतारवयात इतर काळाच्या आठवणींपेक्षा ठळक राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना आढळले आहे. त्या वयात ऐकलेली गाणी तर विशेषच. पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा जे पंधरा-सोळा वर्षांचे होते, त्यांच्यासाठी सुधीर फडके यांचा आवाज म्हणजे कायमचे माप. पुढे कुणीही ती गाणी गाइली, तरी ती त्या मापाने मोजली जाणारच. आणि मतभेदांची सवय म्हणाल, तर ती दूरचित्रवाणीने लावलेली नव्हे. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून दर बुधवारी अमीन सायानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत. कोणते गाणे कितव्या पायदानावर, यावरून चाळीचाळींत वाद रंगत. तीच मंडळी आज सोफ्यावर बसून स्पर्धकांना क्रमांक देत आहेत. अनुभव दांडगा आहे त्यांचा!

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. वय वाढते तसे घरातले निर्णय हळूहळू दुसऱ्यांच्या हाती जातात. पैशांचे व्यवहार मुलगा पाहतो, स्वयंपाक सून किंवा बाई ठरवते, दवाखान्यात डॉक्टरसुद्धा रुग्णाला सोडून सोबत आलेल्याशी बोलू लागतात. “तुम्हांला काय वाटते?” हा प्रश्न विचारला जाणेच थांबते. अशा घरात गाण्याची स्पर्धा ही कदाचित उरलेली अशी एकमेव जागा असते, जिथे आजोबांना निकाल देता येतो आणि तो चुकीचा ठरवण्याचा अधिकार कुणालाच नसतो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना विनंती, की ते मत मोबाइलमध्ये डोके घालून “हो, हो” म्हणत ऐकू नका. पटले नाही तर खुशाल वाद घाला. “आजोबा, तुमचा प्रथमेश त्या दिवशी वरच्या सुरांत जरा डगमगला होता हं!” असे कुणी ठासून म्हणाले, की आजोबा खुर्चीत सरसावून बसतात. खोटा होकार त्यांना लगेच कळतो. त्यात प्रेम असले तरी मान नसतो.

आता कानांविषयी, आणि हे जरा विस्ताराने.

“हल्लीची मुले गातात बरी, पण शब्द खातात.” हे मत आपण असंख्य वेळा ऐकले असेल. कधी ते खरे असते. पण एके काळी प्रत्येक स्पर्धकाचे वेगळे गुणदोष सांगणारी व्यक्ती जर सर्वांविषयी एकच तक्रार करू लागली, तर दोष गाणाऱ्यांच्या उच्चारांत नसून ऐकणाऱ्याच्या कानांत असू शकतो. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख अशाच ध्वनींवर अवलंबून असते. आ, ओ, ऊ हे स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्याने बराच काळ शाबूत ऐकू येतात. गाण्यात स्वरच लांबवले जातात, त्यामुळे चाल पोचते आणि शब्द निसटतात. त्यात मागे वाद्यमेळ जोरात असला की उरलेसुरले शब्दही बुडतात. अशा कानांना कार्तिकीसारखा खुला आवाज “स्वच्छ” वाटेल आणि हळुवार गाणारी मुलगी “पुटपुटते” असे वाटेल. मग त्या मताला गाण्याची पारख म्हणायचे, की श्रवणदोषाची पहिली खूण? आपल्या घरचा नातू बोललेला कळत नाही आणि वृत्तनिवेदकाचा जाड आवाज मात्र कळतो, असे असेल तर उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते.

आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. आतल्या कानाचा दोष असला, की हलका आवाज ऐकू येत नाही आणि जरा वाढवला तर तोच कर्कश लागतो. म्हणून आजोबा आधी “मोठा कर” म्हणतात आणि लगेच “अरे, किती ओरडतोय तो टीव्ही!” म्हणून चिडतात. हा हेकटपणा नव्हे, आजाराचा स्वभावच तसा आहे. साठीच्या पुढच्या चारांतल्या एकाहून अधिक व्यक्तींना त्रासदायक पातळीचा श्रवणदोष असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या बारा गोष्टींची यादी दिली, तीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. तेव्हा “वय झाले, चालायचेच” म्हणून सोडून देऊ नये. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. पुष्कळदा साठलेला मळच अपराधी असतो, आणि तो काडी, हेअरपिन किंवा गरम तेल घालून घरी काढायचा नसतो. मळ नसेल तर श्रवणचाचणी करावी. एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा एका रात्रीत ऐकू येणे कमी झाले, तर मात्र आठवडा वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण त्या उपचारांत दिवस मोलाचे असतात.

श्रवणयंत्र घेतले आहे आणि नेमके गाण्याच्या वेळीच काढून ठेवले जाते, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. त्यांच्यावर रागावू नका. बहुतेक यंत्रे बोलणे समजावे म्हणून जुळवलेली असतात, त्यांतून सूर विचित्र, पत्र्यासारखे ऐकू येऊ शकतात. संगीतासाठी निराळी जुळणी अनेक यंत्रांत करता येते, श्रवणतज्ज्ञांना तसे स्पष्ट विचारा. नव्या यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, हेही लक्षात असू द्या. घरातल्या घरात करण्याजोगेही काही आहे. पंख्याचा आणि मिक्सरचा आवाज त्या तासापुरता थांबवा, खुर्ची पडद्याजवळ आणा आणि गाणे चालू असताना मागून गप्पा मारू नका.

कानांइतकीच बारीक नजर मनाकडे हवी. नावे विसरणे हे वयाचे सामान्य लक्षण आहे. “ती अलिबागची छोटी, काय बरे तिचे नाव” असे म्हणणाऱ्या आजींची स्मृती ठीकच आहे, कारण त्यांना मुलगी आठवते, गाव आठवते, गाणेही आठवते. तिचे नाव आपण चटकन सांगून टाकावे किंवा थोडे थांबावे. पण “सांगा बघू कोण गायले?” अशी परीक्षा घेऊ नये. उतारवयात परीक्षेची भीती वाटते आणि मग माणूस बोलायचेच टाळतो. आठवडाभर रोज पाहिलेला स्पर्धक प्रत्येक वेळी नवा वाटू लागला, तोच प्रश्न पाच मिनिटांत तिसऱ्यांदा आला, कार्यक्रमाचा धागाच सापडेनासा झाला, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालण्याजोगे आहे.

आणखी एक बदल असतो, तो आवाज न करता येतो. पूर्वी निकालावरून जेवण थंड करणारी व्यक्ती “कोणी का जिंकेना” म्हणू लागते. एखाद्या संध्याकाळी असे झाले तर थकवा असेल, सांधे दुखत असतील. पण दोन आठवडे उलटले, गाण्यातच नव्हे तर जेवणात, नातवंडांत, देवपूजेतही रस उरला नाही, झोप बिघडली, तर ते नैराश्य असू शकते. ते म्हातारपणाचा अटळ भाग नाही, त्यावर उपचार आहेत. थायरॉइडची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, एखादे नवे औषध, न लक्षात आलेला बहिरेपणा यांतूनही अशीच उदासी दिसू शकते. कारण शोधण्याचे काम डॉक्टरांचे आहे, “बाबा हल्ली मते देत नाहीत” ही बातमी त्यांच्यापर्यंत नेणे आपले.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत थोडे निराळे आहे. इतर बरेच पुसले गेले तरी ओळखीची चाल पुष्कळदा शिल्लक राहते. बोलणे कमी झालेली व्यक्ती कडवे गुणगुणू लागते, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे. त्यांच्यासाठी नव्या पर्वातल्या झगमगाटापेक्षा त्यांच्या तरुणपणीचे गाणे कुणी साधेपणाने गाइलेला भाग निवडावा. एखाद्या गाण्याने डोळ्यांत पाणी आले, तर घाईने वाहिनी बदलू नका. हात हातात घेऊन बसा, बहुधा ते दुःख त्यांना हवेसे असते. मात्र स्पर्धकाला बाहेर काढण्याचे ताणलेले नाट्य त्यांना खरेच वाटू शकते. “त्या मुलाला का घालवले?” म्हणून रात्री बेचैन होत असतील, तर तेवढा भाग गाळलेलाच बरा.

वेळेचेही पाहायला हवे. हे कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात. अंतिम फेरी तर संपता संपत नाही. झोप मोडत असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण पाहावे. निकाल आधी कळू न देण्याची जबाबदारी अर्थातच नातवंडांची! जाहिराती लागल्या की उठून घरात दोन फेऱ्या माराव्यात. पायांवर सूज येत असेल तर हे विशेष पाळावे. उठताना आधी क्षणभर बसून मग उभे राहावे. रात्रीची गोळी गाण्याच्या नादात राहून जात असेल, तर शीर्षकगीत हाच तिचा गजर ठरवा.

ज्येष्ठ वाचकहो, आता थोडे आपल्याशी. नुसते ऐकू नका, सोबत गा. आवाज पूर्वीसारखा लागत नाही, हे मान्य. वयाने स्वरतंतू बारीक आणि ताठर होतात, दम कमी पडतो. तरीही ओळ पुरी करण्यासाठी श्वास सावकाश सोडावा लागतो, तो सराव फुप्फुसांना मानवणारा आहे. मान वर ताणून वरचा सूर पकडण्याचा हट्ट तेवढा करू नका, पट्टी खाली घ्या. आणि स्पर्धकांवर टीका करताना शेजारी कोण बसले आहे, ते पाहा. “काय हे बेसूर ध्यान!” हे नातवाने ऐकले, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात तो तोंड उघडणार नाही. “ताल पक्का आहे, सूर जरा सुटला” असे म्हटले, तर तो ऐकायला शिकेल.

स्पर्धेच्या नावाने “आपल्याला बक्षीस लागले” असा दूरध्वनी आला, तर मात्र कोणाचेही मत न विचारता तो बंद करा. ओटीपी किंवा बँकेचा तपशील कुणालाही देऊ नका. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.

त्या पर्वातली पाचही मुले २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’च्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसली आणि प्रथमेश व मुग्धा यांचा डिसेंबर २०२३ मध्ये विवाह झाला. त्यांचे जुने भाग इंटरनेटवर सापडतात. या रविवारी घरातल्या ज्येष्ठांसोबत एखादा लावून बसा आणि सर्वांनी आपापले ‘नि’ आणि ‘वरचा सा’ कागदावर लिहा. आजींचा कागद सर्वांत शेवटी उघडा आणि त्यांनी तसे गुण का दिले, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. त्याला अर्धा तास लागला तरी चालेल.