पेठेचा चेंडू, खात्याचा चेंडू

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य संपले आणि जुन्या बीदर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. संघ पुढे चौथा आला आणि त्याचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने मूळचे शाळामास्तर. त्यांनीच घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता. औराद ज्या राज्यात होते त्याची राजधानी ही त्या काळी देशातल्या फुटबॉलची एक राजधानीच होती म्हणायची. तरीही हा खेळ आपल्या औराद तालुक्यात रुजला नाही. दुष्काळी मुलूख, पैसा नाही, मैदान नाही, हे त्यावरचे ठरलेले उत्तर लंगडे आहे. एका चेंडूवर बावीस जण खेळतात आणि कापणीनंतरचे मोकळे रान कुठल्याही गावाला असते. क्लब उभा राहायला आणि त्याहून अधिक म्हणजे टिकायला मैदानाआधी त्याला आपला म्हणणारा धनी लागतो, आणि तो धनी जागचा हलणारा असून चालत नाही.

याचा पुरावा कोल्हापुरात आहे. तिथे फुटबॉल क्लबांच्या नावातच तालीम आहे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम ही मुळात कुस्तीची जागा. शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान बांधले, आणि त्या वातावरणात पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. पण तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. तिथेच गणपती बसतो, काही तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, पेठेतले तंटे मिटतात, वर्गणी गोळा होते. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवे घर बांधावे लागले नाही. आधीच भरलेल्या घरात तो पाहुणा म्हणून आला आणि घरचाच झाला. यातली बरीच नावे म्हणजे पत्तेच आहेत. पाटाकडील म्हणजे पाटाच्या बाजूची. जुना बुधवार, फुलेवाडी, संध्यामठ, सगळे तसेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब भिडतात तेव्हा प्रेक्षक आपला मोहल्ला बघायला आलेला असतो. त्या ईर्षेवर पिढ्या निघतात.

यावर कोणी म्हणेल, हे राजाश्रयाचे फळ आहे, कोल्हापूरला छत्रपती लाभले. आश्रय लाभला हे खरेच, आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनशी छत्रपती घराण्याचे नाते आजही आहे. पण आश्रय तर निजामाच्या हैदराबादेतही कमी नव्हता. फरक कुठे पडतो ते पाहायला थोडे लांब, स्कॉटलंडला जावे लागेल. लेव्हन नदीकाठच्या एका लहानशा खोऱ्यातल्या व्हेल ऑफ लेव्हन क्लबने 1877, 1878 आणि 1879 असा तीनदा स्कॉटिश कप जिंकला. शेजारच्या रेन्टन गावाने 1885 आणि 1888 मध्ये तो नेला, वर इंग्लंडच्या कपविजेत्या वेस्ट ब्रॉमविचला हरवून स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतले. गाव कापड रंगवण्याच्या कारखान्यांवर जगणारे, पण डौल तेवढा! मग 1890 मध्ये लीग सुरू झाली, 1893 मध्ये पगारी खेळाडूंना उघड मान्यता मिळाली, आणि ग्लासगोच्या पैशापुढे ही गावे विरली. व्हेल ऑफ लेव्हनने 1891-92 च्या हंगामात 22 सामन्यांत एकही जिंकला नाही, रेन्टनने 1897 मध्ये लीग सोडली आणि 1922 मध्ये क्लबच मोडला. उलट 1878 मध्ये स्थापन झालेला आर्ब्रोथ अजून खेळतो आहे. 1885 मध्ये बॉन अकॉर्डवर 36-0 असा विजय मिळवल्यामुळे त्याचे नाव विक्रमांच्या यादीत आहे, पण मोठा करंडक एकही नाही. दिवसा दुसरी नोकरी करणाऱ्या खेळाडूंच्या जोरावर तो 2022 मध्ये वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. आर्ब्रोथ ग्लासगोपासून दूर आहे म्हणून वाचला, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कोल्हापूरही मुंबईपासून दूरच. पण अंतर फक्त गिळले जाण्यापासून वाचवते. वर्षानुवर्षे हरूनही पुढच्या शनिवारी लोकांना मैदानावर आणते ते दुसरेच काही.

दुसरा आक्षेप जड आहे. इतकी गर्दी, इतकी ईर्षा, आणि कोल्हापूरने देशाला खेळाडू किती दिले? 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव, आणखी थोडी नावे. शिवाय समर्थकांचे राडे आहेत, आणि पेठेच्या इभ्रतीसाठी आफ्रिकेतून पैसे देऊन आणलेले खेळाडू आहेत, म्हणजे रेन्टनला ज्या रोगाने खाल्ले त्याचीच लागण. हे सगळे कबूल. पण खेळाडू घडवणे आणि क्लब टिकवणे या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत, आणि पहिलीत हैदराबादइतके यश त्या काळात फार थोड्यांना मिळाले असेल. त्याचे पुढे काय झाले? संघ पोलीस खात्याचा होता. खेळाडूला नोकरी मिळे ती खात्याची, बदली होई ती खात्याची, आणि मोठ्या क्लबांचे बोलावणे आले की तो कलकत्त्याला जाई. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पुढच्या जूनमध्ये ते वारले आणि हैदराबादचा फुटबॉल उताराला लागला.

खात्याचा खेळ जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचला तरी गावच्या पारावर उतरत नाही, आणि 1956 नंतर औरादचे खातेही बदलले. आता दप्तर बंगळूरच्या दिशेने जाऊ लागले. सीमाभागातल्या यात्रांत कुस्त्यांचे फड मात्र चालूच राहिले. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत सगळा खर्च यात्रा समितीचा, वर्गणी गावाची. मल्ल बाहेरून येतात, बक्षीस घेतात, दुसऱ्या दिवशी निघून जातात. फड गावाचा असतो आणि वर्षातून एकदा भरतो. कोल्हापूरच्या तालमीला मात्र उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचेही सभासद असतात.