नॅनो मोटार व लोकमत

एकाच दुचाकीवर आईबाप व दोन लेकरे भर पावसात चाललेली आपण जालन्याच्या रस्त्यांवर नित्य पाहतो. असेच दृश्य पाहून कै. रतन टाटा यांनी एक लाख रुपयांची ‘नॅनो’ मोटार योजिली व १० जानेवारी २००८ रोजी दिल्ली येथे लोकांपुढे आणिली. तिचे ६२४ सी. सी. चे इंजिन मागील बाजूस होते. प्रथम लोकांनी तिचे फार कौतुक केले. परंतु पुढे काही गाड्यांनी पेट घेतला, आणि ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदामुळे ती घेण्यास गृहस्थ संकोचू लागले. टाटांचे नाव विश्वासाचे असूनही २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. आम्हांस वाटते, नावाच्या पुण्याईने पहिले गिऱ्हाईक येते. दुसरे मात्र वस्तूने स्वतःच्या गुणांवर मिळवावे लागते. विद्यार्थ्यांनो, घराण्याच्या नावाविषयीही हेच समजावे.