रक्तशर्करेचे वाचन – लेखांक ५ : सीमारेषेवरचा आकडा

रक्तातील साखरेची पातळी यकृत, स्वादुपिंड आणि स्नायू मिळून कशी सांभाळतात, हे मागील लेखांकात पाहिले. आता प्रयोगशाळेच्या अहवालावर छापून येणाऱ्या आकड्यांकडे वळायचे आहे. किमान आठ तास काही न खाता घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुकोज आढळले आणि दुसऱ्यांदा केलेल्या चाचणीनेही त्याला दुजोरा दिला, तर मधुमेहाचे निदान होते. १०० च्या आतली पातळी सामान्य समजली जाते आणि मधल्या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था, रोजच्या बोलण्यात ‘बॉर्डरलाइन शुगर’, असे म्हणतात. अहवालात १०४ किंवा १०९ पाहून जी धास्ती घेतली जाते, ती या पट्ट्यातली असते, आणि तिला किती महत्त्व द्यावे हे कळण्यासाठी या रेषा कोणी व कशावरून आखल्या हे पाहणे आवश्यक ठरते.

१९९७ पर्यंत निदानाची रेषा १४० वर होती. अ‍ॅरिझोनातील पिमा आदिवासी, इजिप्तमधील नागरिक आणि अमेरिकेतील सर्वसाधारण लोकसंख्या यांच्या डोळ्यांची तपासणी जेव्हा त्यांच्या रक्तशर्करेशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची मधुमेहजन्य इजा एका विशिष्ट पातळीच्या खाली क्वचितच आढळते आणि तिच्यापुढे झपाट्याने वाढते, असे दिसून आले. १२६ ही रेषा प्रामुख्याने या निरीक्षणांच्या आधारे ठरली. शंभरच्या रेषेमागे असा स्पष्ट उंबरठा नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ मध्ये ती ११० वरून १०० वर आणली, तर जागतिक आरोग्य संघटनेने ११० च कायम ठेवली, त्यामुळे १०४ हा आकडा एका निकषानुसार मधुमेहपूर्व ठरतो आणि दुसऱ्यानुसार ठरत नाही. शरीर तेच, रक्त तेच.

आकडा ज्या वाटेने अहवालापर्यंत पोहोचतो, तीही निर्वेध नसते. रक्त नळीत घेतल्यानंतरही त्यातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात, आणि काहीही उपाय न केल्यास साधारण दर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, सोडियम फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. परंतु फ्लोराइडचा पूर्ण परिणाम होण्यास तास-दोन तास लागत असल्याने, घरोघरी फिरून गोळा केलेला नमुना पिशवीत राहून उशिरा प्रयोगशाळेत पोहोचला, तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. घरगुती ग्लुकोमीटरबाबत आंतरराष्ट्रीय मानकाचीच अपेक्षा अशी आहे, की १०० च्या खालील ९५ टक्के मोजण्या खऱ्या पातळीच्या १५ मिलिग्रॅम अलीकडे-पलीकडे आणि त्यावरील १५ टक्क्यांच्या मर्यादेत असाव्यात. म्हणजे खरी पातळी १०० असताना यंत्राने ८८ दाखवले किंवा ११३ दाखवले, तरी ते सदोष म्हणता येत नाही. आंबा चिरून हात न धुता बोटाला सुई टोचल्यास पट्टीवर फळाची साखरही मोजली जाते, हे वेगळेच. अशा यंत्रावर निदान करायचे नसते. ज्यांचे निदान झाले आहे त्यांना चढउतार कळावेत, हा त्याचा उपयोग.

जेवणानंतर दोन तासांनी घेतल्या जाणाऱ्या ‘पीपी’ चाचणीचीही गत काहीशी अशीच आहे. दोन पोळ्या-भाजी आणि भरपेट वरण-भात यांतून शरीरात जाणारे पिष्टमय पदार्थ सारखे नसतात, त्यामुळे निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. त्या वेळी पातळी १४० च्या आत असल्यास सामान्य, २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह, आणि मधली पातळी असल्यास ग्लुकोज-सहनक्षमता घटलेली मानतात. उपाशीपोटीचा आकडा समाधानकारक असूनही या चाचणीत दोष उघड होणारे लोक पुष्कळ असतात.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी, लाल पेशींतील हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ग्लुकोजने बांधला गेला आहे, हे सांगते. लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे तो आकडा त्या काळातील सरासरी दाखवतो. ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, हे निकष सर्वत्र छापलेले असतात. मात्र लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि लाल पेशी लवकर नष्ट होत असतील तर कमी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तर गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तेव्हा येथे हिमोग्लोबिन न पाहता एचबीएवनसी वाचणे धोक्याचे होय.

जोखमीचा अंदाज आकड्याबाहेरही शोधावा लागतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी साठलेली असू शकते, म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर इतकी कमी ठेवलेली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले, तर देशात ते ११.४ टक्के होते. आई-वडिलांना मधुमेह, वाढता घेर आणि बैठे काम या गोष्टी एकत्र आल्या असतील, तर १०४ कडे गांभीर्याने पाहावे. त्या नसतील, तर एका चाचणीवरून स्वतःला रुग्ण ठरवू नये, चाचणी पुन्हा करावी.

सहनक्षमता घटलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रतिबंधक अभ्यासात, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व चालण्याबाबत नियमित मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि लक्षणीय बाब अशी, की या गटातील लोकांचे वजन सरासरीने जवळजवळ घटलेच नव्हते.