इंग्रजीतला ‘गोल्कोंडा’ : जिथे खाणच नव्हती

इंग्रजी कोशात ‘गोल्कोंडा’ हा शब्द दोन रूपांत आढळतो. एक हैदराबादच्या पश्चिमेकडील किल्ल्याचे विशेषनाम. दुसरे सामान्यनाम, अर्थ, अपार संपत्तीची खाण. आपण ज्याला घबाड म्हणतो, ते जुन्या इंग्रजी लेखनात ‘गोल्कोंडा’ होते. आज हा शब्द क्वचितच कानी पडतो.

मराठी इतिहासातला गोवळकोंडा तो हाच. तेलुगूत ‘गोल्ल’ म्हणजे गुराखी आणि ‘कोंडा’ म्हणजे टेकडी, अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. मराठी जिभेने त्यात आपला ओळखीचा ‘गोवळ’ पाहिला, हे गोडच म्हणायचे. गुराख्यांच्या या टेकडीला श्रीमंतीचा अर्थ चिकटला तो कुतुबशाहीतील हिऱ्यांच्या व्यापारामुळे.

गंमत अशी, की गोवळकोंड्यात हिऱ्याची खाणच नव्हती. खाणी दूर, कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. त्यांत कोल्लूरची विशेष प्रसिद्ध. तेथील हिरे गोवळकोंड्याच्या बाजारात विकले जात. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये कोल्लूरला गेला, तेव्हा त्याच्या अंदाजाने तिथे सुमारे ६०,००० माणसे राबत होती. पुरुष खणत, बायका-मुले माती वाहत. वॉशिंग्टनमधील निळा ‘होप’ हिरा याच खाणीतला मानला जातो. नाव मात्र झाले बाजारपेठेचे. खनिज डिचोली-सांग्यात निघते आणि जहाजात चढते मुरगावात, हे पाहिलेल्या गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये.

या रत्नव्यापाराशी गोव्याचाही संबंध होता. गार्सिया द ओर्ता यांचा १५६३ मध्ये गोव्यात छापलेला ग्रंथ औषधी वनस्पतींसाठी ओळखला जातो. पण त्यात हिऱ्यावरही स्वतंत्र संवाद आहे.

१६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला. पुढच्या शतकात पोर्तुगीजांच्या ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि इथल्या बाजाराचे महत्त्व ओसरले. शब्द मात्र त्यानंतरही इंग्रजीत वापरात राहिला. अमेरिकेत नेवाडा आणि इलिनॉय या राज्यांत गोल्कोंडा नावाची गावे आहेत. अतिशय शुद्ध, पारदर्शक हिऱ्याला जवाहिरे आजही ‘गोल्कोंडा’ म्हणतात, मग तो कुठल्याही देशातला असो.

कोल्लूर मात्र कोणत्याच कोशात सामान्यनाम झाले नाही. ते गाव आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे.