युवा वाद्यवृंदातील संचालक-शिक्षक : मेहली मेहता आणि होसे आंतोनियो आब्रेऊ यांच्या कार्याच्या संदर्भात

प्रास्ताविक :

पाश्चात्त्य अभिजात संगीतात वाद्यवृंदाच्या संचालकाला मध्यवर्ती स्थान आहे. साठ ते शंभर वादकांसमोर उभा राहणारा हा कलावंत स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. तरीही कोणती रचना कोणत्या लयीत, किती जोराने आणि कोणत्या भावाने वाजावी याचा निर्णय त्याच्याकडे असतो. व्यावसायिक वाद्यवृंदात हे काम तुलनेने मर्यादित वेळेत होते, कारण समोर बसलेला प्रत्येक वादक आपले वाद्य शिकून, निवडचाचणी उत्तीर्ण होऊन आलेला असतो. काही मोजके सराव झाले की कार्यक्रम सादर होतो.

युवा वाद्यवृंदात मात्र हे गृहीतच बदलते. येथील वादक अद्याप विद्यार्थी असतो. त्याचे तंत्र अपुरे असते, समूहात वाजवण्याचा अनुभव थोडा असतो, आणि तो तयार झाला की वाद्यवृंद सोडून जातो. म्हणून येथील संचालकाला आधी शिक्षक व्हावे लागते. कार्यक्रम ही त्याच्या कामाची दृश्य बाजू आहे. त्याची खरी निर्मिती म्हणजे वादक. प्रस्तुत लेखात ही भूमिका मुंबईत जन्मलेले मेहली मेहता आणि व्हेनेझुएलाचे होसे आंतोनियो आब्रेऊ या दोन संगीतकारांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. या शिक्षणाचा लाभ कोणाला मिळतो आणि शिक्षक गेल्यानंतर काय उरते, हे दोन प्रश्न विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

१. सराव हाच वर्ग :

युवा वाद्यवृंदातील अध्यापन मुख्यतः सरावात घडते. एकट्याने व्हायोलिन उत्तम वाजवणारा विद्यार्थी वाद्यवृंदात प्रथम बसतो तेव्हा त्याच्यापुढे अगदी निराळ्या अडचणी उभ्या राहतात. शेजारच्या पंधरा व्हायोलिनांमध्ये आपला स्वर मिसळावा लागतो. सर्वांचा गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जावा लागतो. तुतारीच्या जातीची वाद्ये वाजवणाऱ्याला कधी कधी पन्नास-साठ आवर्तने गप्प बसून मोजावी लागतात आणि नेमक्या क्षणी, तयारीला वाव न घेता, स्वर लावावा लागतो. ही मौनाची मोजदाद म्हणजेही वादनच, हे विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागते.

यासाठी संचालक पूर्ण वाद्यवृंदाच्या सरावापूर्वी तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि तालवाद्ये यांचे स्वतंत्र सराव ठेवतो. प्रत्येक वादकाच्या स्वरलेखनावर गजाच्या दिशा, श्वासाच्या जागा आणि कठीण जागी बोटांचे क्रमांक लिहून दिले जातात. ओबोच्या एका स्वरावर सर्व वाद्ये जुळवली जातात. संचालकाच्या हाताची पहिली हालचाल ठोक्याच्या आधीची असते. तिच्यातूनच लय आणि जोर यांची सूचना मिळते. ही हालचाल वाचायला शिकणे हा विद्यार्थ्याच्या शिक्षणातील महत्त्वाचा टप्पा होय. अनुभवी वादक संचालकाची चूक सांभाळून घेऊ शकतो. विद्यार्थी तसे करू शकत नाही. त्यामुळे तरुण वादकांपुढे उभ्या राहणाऱ्या संचालकाचे हात अधिक स्पष्ट असावे लागतात. संदिग्ध व्याख्यानाने जसा वर्ग गोंधळतो, तसाच संदिग्ध ठोक्याने हा वाद्यवृंद विस्कटतो.

२. मेहली मेहता : मुंबई ते लॉस एंजेलिस

मेहली मेहता यांचा जन्म १९०८ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केले. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये शिकवण्याच्या सोयी तोकड्या होत्या. वाद्यवृंद चालवायचा तर त्यातील वादकही बऱ्याच अंशी आपणच घडवायचे, अशी ही परिस्थिती होती. पुढे जगप्रसिद्ध संचालक झालेले त्यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म १९३६) याच वातावरणात वाढले. घरात चालणारे सराव हेच त्यांचे पहिले संगीतशिक्षण होते.

१९४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, मेहली मेहता न्यूयॉर्कला गेले आणि आयव्हन गॅलॅमियन या ख्यातनाम व्हायोलिन-शिक्षकाचे विद्यार्थी झाले. स्वतःचा वाद्यवृंद आणि संसार असलेल्या माणसाने पुन्हा शिष्यत्व पत्करावे, ही घटना त्यांच्या पुढील अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण गॅलॅमियन यांची ख्याती प्रामुख्याने शिक्षक म्हणून होती. अडचणीचे विश्लेषण करून तिचे लहान लहान भाग पाडणे ही त्यांच्या पद्धतीची ओळख होती. त्यानंतर १९५० च्या दशकात मेहता यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखालील हॅले ऑर्केस्ट्रात वादक म्हणून काम केले. नंतर ते अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे चतुष्टय-वादनात सहभागी झाले. म्हणजे संस्थापक, विद्यार्थी आणि रांगेतील वादक या तिन्ही जागांवरून त्यांनी वाद्यवृंद पाहिला होता.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी वाद्यवृंद विभागाची जबाबदारी स्वीकारली आणि त्याच वर्षी 'अमेरिकन यूथ सिम्फनी' हा युवा वाद्यवृंद उभा केला. तेव्हा त्यांचे वय ५६ होते. पुढे सुमारे तेहतीस वर्षे, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, त्यांनी त्याचे संचालन केले. या वाद्यवृंदात प्रवेश निवडचाचणीने मिळे. वादक बहुधा महाविद्यालयीन वयाचे आणि वादनाचा व्यवसाय करू इच्छिणारे असत. शिक्षण संपणे आणि नोकरी मिळणे यांच्या मधल्या अवघड वर्षांसाठी ही संस्था होती. श्रोत्यांसाठी कार्यक्रम विनामूल्य ठेवण्याची तिची परंपराही उल्लेखनीय आहे. येथून बाहेर पडलेले अनेक वादक पुढे अमेरिकेतील प्रमुख वाद्यवृंदांत रुजू झाले.

येथे संचालकाच्या कामाचे एक वेगळेपण लक्षात येते. व्यावसायिक वाद्यवृंद वर्षानुवर्षे एकत्र वाजवून स्वतःचा नाद घडवतो. युवा वाद्यवृंदाचा नाद मात्र जमेपर्यंत काही वादक निघून जातात आणि नवे येतात. महाविद्यालयीन अध्यापकाला दर जूनमध्ये नव्या तुकडीसमोर पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो, तीच स्थिती या संचालकाची असते. तेहतीस वर्षांचे हे काम वरवर एकच भासले, तरी प्रत्यक्षात ते तेहतीस वेळा केलेले आरंभ होते. मेहली मेहता यांचे २००२ मध्ये निधन झाले.

३. आब्रेऊ आणि 'एल सिस्तेमा' :

मेहता यांनी निवडलेल्या तरुणांना घडवले. होसे आंतोनियो आब्रेऊ (१९३९–२०१८) यांनी निवडीचीच कल्पना बाजूला ठेवली. अर्थशास्त्रज्ञ आणि संगीतकार असलेल्या आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे, एका वाहनतळाच्या जागेत, अवघ्या अकरा तरुणांना घेऊन पहिला सराव घेतला. या प्रयत्नातून उभी राहिलेली देशव्यापी व्यवस्था 'एल सिस्तेमा' या नावाने ओळखली जाते. ठिकठिकाणच्या तिच्या केंद्रांना 'नुक्लेओ' म्हणतात. मुले शाळा सुटल्यावर तेथे येतात, आणि सराव अनेकदा दिवसाला चार तासांपर्यंत, आठवड्यातून सहा दिवसांपर्यंत चालतो.

या व्यवस्थेचे अध्यापनशास्त्र पारंपरिक संगीतविद्यालयाच्या उलट आहे. नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थी आधी काही वर्षे एकट्याने वाद्य शिकतो आणि मग समूहात बसतो. येथे मूल आरंभापासूनच समूहात बसते. अगदी लहान मुले कागदाच्या लगद्याची वाद्ये बनवून वाद्यवृंदात बसण्याची रीत शिकतात. थोडे अधिक शिकलेला विद्यार्थी आपल्यामागून आलेल्यास शिकवतो. शिकणे आणि शिकवणे यांतील अंतर त्यामुळे कमी होते, आणि शिक्षकांच्या तुटवड्यावरही मार्ग निघतो.

या पद्धतीतून आलेले सर्वांत परिचित नाव म्हणजे गुस्ताव्हो दुदामेल. बार्किसिमेतो येथे १९८१ मध्ये जन्मलेला हा संगीतकार १९९९ मध्ये सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंदाचा संचालक झाला, तेव्हा तो स्वतःच अठरा वर्षांचा होता. २००४ मध्ये जर्मनीतील बाम्बर्ग येथील माहलर संचालन स्पर्धेत त्याने पहिला क्रमांक मिळवला आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शकपद स्वीकारले. झुबिन मेहता यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत भूषवलेले हेच पद होते. ज्या शहरात मेहली मेहता यांनी निवडक तरुणांचा वाद्यवृंद चालवला, त्याच शहरात २००७ मध्ये 'एल सिस्तेमा'पासून प्रेरणा घेऊन वंचित वस्त्यांतील मुलांसाठी 'योला' या संक्षिप्त नावाचा युवा वाद्यवृंद सुरू झाला. २०२१ मध्ये इंगलवूड येथे त्याचे कायमस्वरूपी केंद्र उघडले. एकाच शहरात दोन्ही विचारधारा अशा एकत्र आल्या.

४. दाव्यांची तपासणी :

वाद्यवृंदामुळे गरीब मुलांचे आयुष्य बदलते, हा 'एल सिस्तेमा'चा मुख्य दावा. तो किती टिकतो हे पाहणे शैक्षणिकदृष्ट्या आवश्यक आहे. संगीताभ्यासक जेफ्री बेकर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यवस्थेतील अतिरिक्त शिस्त, सत्तेचे केंद्रीकरण आणि मुलांच्या सर्जनशीलतेला मिळणारा अल्प वाव यांवर कठोर टीका केली. वाद्यवृंद हे लोकशाही समाजाचे प्रतिरूप आहे असे म्हटले जाते. परंतु जेथे एकाच्या हातवाऱ्यावर शंभर जण चालतात आणि बोलण्याचा अधिकार एकालाच असतो, तेथे ही उपमा कितपत लागू पडते, हा त्यांचा आक्षेप सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही.

२०१२-१३ मध्ये १६ केंद्रांतील ६ ते १४ वयोगटाच्या २९१४ मुलांवर करण्यात आलेल्या अभ्यासाचे निष्कर्षही संमिश्र आहेत. मुलांच्या आत्मसंयमात सुधारणा दिसली, आणि हिंसेच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलग्यांच्या वर्तनात विशेष अनुकूल बदल आढळला. मात्र बौद्धिक आणि सामाजिक कौशल्यांच्या बहुतेक मोजमापांत फरक दिसला नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, सहभागी मुलांतील गरिबीचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, तर त्या प्रांतांतील प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. म्हणजे दार सर्वांसाठी उघडे असले, तरी आत येणाऱ्यांत तुलनेने सुस्थितीतील घरांची मुलेच अधिक होती. निवडचाचणी काढून टाकली म्हणून निवड संपत नाही. मुलाला रोज चार तास मोकळे ठेवू शकणारे घरच येथे निवड करते.

या निष्कर्षांमुळे आब्रेऊ यांचे कार्य निरर्थक ठरत नाही. कोणत्याही शिक्षणसंस्थेने आपल्या दाराशी न पोहोचलेल्यांची गणना करावी, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

५. भारतीय संदर्भ :

भारतीय अभिजात संगीताचे अध्यापन गुरू आणि शिष्य यांच्या एकास एक नात्यावर उभे आहे. त्यामुळे मुलांच्या वाद्यवृंदाची कल्पना आपल्याकडे परकी वाटते. परंतु तिची उदाहरणे आढळतात. १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना एकत्र करून मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून घडवलेले नलतरंग हे वाद्यही त्यात होते. खाँसाहेबांनी कलकत्त्यात एका गोमंतकीय बँडमास्तरकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले होते. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून ते सर्वश्रुत आहेत. निराधार मुलांचे संचालक-शिक्षक म्हणून त्यांची नोंद क्वचितच घेतली जाते.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चशी जोडलेल्या शाळांतून गावातील मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकवले जात असे. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांनी समृद्ध केले, त्यांच्यापैकी अनेकांचा पाया या शाळांत घातला गेला होता. अलीकडे २००९ मध्ये गोव्यात 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' ही संस्था वंचित मुलांना पाश्चात्त्य वाद्ये शिकवण्यासाठी स्थापन झाली. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेले 'मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन' बालसंगीतशिक्षणाचे काम करीत आले आहे.

समारोप :

मेहली मेहता निवृत्त झाल्यानंतरही 'अमेरिकन यूथ सिम्फनी' अन्य संचालकांच्या मार्गदर्शनाखाली पाव शतक चालू राहिली. मात्र २०२४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तिने आपले काम थांबवले. 'एल सिस्तेमा'ला शासनाचा मोठा आश्रय लाभला. त्या बळावर तिचा विस्तार झाला, आणि देशातील राजकीय व आर्थिक संकटाची झळही त्याच कारणाने तिला पोहोचली. खासगी देणग्यांवरील संस्था आणि शासनाश्रित संस्था या दोहोंच्या मर्यादा या उदाहरणांतून स्पष्ट होतात.

संस्था अशा अस्थिर असल्या, तरी संचालक-शिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन केवळ तिच्या आयुर्मानावर करता येणार नाही. लॉस एंजेलिसच्या त्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेले वादक आज इतरत्र वाजवीत आहेत, काही स्वतः शिकवीत आहेत. शेजारच्याचा स्वर ऐकून आपला स्वर लावण्याची जी सवय त्यांना सरावात लागली, ती संस्था बंद झाल्याने नाहीशी होत नाही. तथापि पुढील तुकडीला ती सवय कोठे लागणार, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. तो सोडवणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ती जबाबदारी समाजाची आणि शिक्षणव्यवस्थेची आहे.