वाढता व्यवसाय आणि माहिती-तंत्राचे धोरण : खानदेशातील दोन उदाहरणे

व्यवसाय वाढू लागला की त्याची माहितीची गरज केवळ परिमाणाने वाढत नाही, ती प्रकारानेही बदलते. या बदलाची दखल न घेता संगणकांवर खर्च केला, तर जुनीच खतावणी अधिक वेगाने लिहिली जाते. निर्णय मात्र पूर्वीसारखेच अंदाजाने होत राहतात. हेंडरसन व वेंकटरामन यांनी १९९३ साली मांडलेल्या प्रतिमानात व्यवसायाचे धोरण, माहिती-तंत्राचे धोरण आणि या दोहोंच्या अंतर्गत रचना अशी चार अंगे कल्पिली असून त्यांच्या परस्पर मेळावर भर दिला आहे. हा विचार खानदेशातील दोन व्यवसायांच्या आधारे पडताळून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले उदाहरण जळगावच्या दालमिलांचे. तुरीपासून डाळ, चुनी व टरफल हे पदार्थ एकाच वेळी निघतात. लहान मिलमध्ये कोणत्या मालाचा उतारा किती पडला, हे मालकाच्या नजरेत असते. समजा, १०० क्विंटल तुरीपासून एका खेपेस ७२ व दुसऱ्या खेपेस ७० क्विंटल डाळ मिळाली. फरक अवघा दोन क्विंटलांचा. परंतु नफा मुळातच बेताचा असेल, तर तेवढ्याने तो नाहीसा होऊ शकतो. खरेदी अनेक बाजारपेठांतून होऊ लागली की मालकाची नजर अपुरी पडते. निव्वळ खरेदी-विक्री नोंदणारी हिशेबपद्धती येथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक खेपेला क्रमांक देऊन तो आवकीपासून विक्रीपर्यंत चालविणे, ही येथील पहिली गरज होय.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या मालवाहतुकीचे. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यास मिळतात. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. १ जानेवारी २०२१ पासून सामान्य मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी ठरली. गाडी वाटेत बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, तर नव्या वाहनाची नोंद कोणी व केव्हा करावयाची, हे आधी ठरलेले असले पाहिजे. येथे उताऱ्यापेक्षा वेळेचे महत्त्व अधिक. म्हणून दालमिलची पद्धती येथे जशीच्या तशी चालणार नाही.

कायद्यानेही संगणकीकरणास गती दिली आहे. ई-इन्व्हॉइसचे बंधन १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीस होते; १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवरील उलाढालीस लागू झाले. परंतु कायद्याची पूर्तता करणारी यंत्रणा शासनाच्या प्रश्नांची उत्तरे देते, मालकाच्या प्रश्नांची देईलच असे नाही. या दोहोंत गल्लत झाली, तर लहान उद्योजकाचे भांडवल यंत्रांत अडकते आणि अनुभवी मुनिमाचे ज्ञान त्याच्याबरोबरच निघून जाते.

सारांश, कोणता निर्णय, कोणी, केव्हा व कोणत्या माहितीच्या आधारे घ्यावयाचा, हे प्रथम निश्चित करावे. यंत्राची निवड त्यानंतर. अभ्यासकांनीही पाहणीचा आरंभ संगणकाच्या खोलीपासून न करता वजनकाट्यापासून करणे श्रेयस्कर.